विचारपूस करत जिंकलेला गेम

शोभा, माणसानं जावं, पण कुणाला असं गढीच्या दरवाज्यात उभं करून जाऊ नये. वेर्ना तिथंच उभी होती. अंगावर पहिल्या दिवसापासूनची तीच करडी शाल, हातात काठी, पिशवीत थोडा झाडपाला आणि समोर भाले घेतलेले शिपाई. तू रिमोट खाली ठेवलास, म्हणालीस, "आता उद्या पाहू. मले थकल्यावानी वाटून राह्यलं." आणि आत जाऊन पडलीस. त्यापुढचं मला इथं लिहायचं नाही. दवाखाना, गाडी, रिपोर्ट हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी वेर्नाबद्दल बोलायचं आहे.

तेरवीला तुझ्या आसेगावच्या काकू आल्या होत्या. मी निखिलला म्हणालो, "आता वेर्नाचं काय करायचं?" काकूंनी डोळे पुसता पुसता विचारलं, "हे कोन? शोभीची मैत्रीन होती काय?" निखिलनं सांगितलं की ती गेममधली बाई आहे, आईबाबा दोघं दुपारी टीव्हीवर गेम खेळायचे. काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि मग पदर तोंडाला लावला. रडल्या की हसल्या ते मला कळलं नाही. तुला कळलं असतं, कारण तू सरळ विचारलं असतंस.

खरं तर गेमचा तो डबा निखिलचा. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला आला तेव्हा सोबत आणला आणि पुण्याला परत जाताना इथंच विसरून गेला. विसरला असं तो म्हणतो. मला वाटतं, आईबाप एकमेकांशी काय बोलतील या काळजीनं ठेवून गेला असेल. मी दुकानात खिळे, पाइप, रंगाचे डबे विकणारा माणूस आणि तू अंगणवाडीतल्या पोरांच्या नाकापासून वजनापर्यंत सगळ्याची काळजी वाहणारी. दुपारी शेलूबाजारात हायवेवरच्या जीपांशिवाय काही हलत नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, जेवायचं आणि बसायचं. इंग्रजी मी वाचायचो, वाचता वाचता आपल्या बोलीत सांगायचो. रिमोट तुझ्या हातात. माझा गेम असला की उलटं, रिमोट माझ्या हातात आणि बोलणं तुझं. बोलणं तसंही तुझंच असायचं.

पहिल्याच दिवशी आपलं वाजलं, आठवतं? गेम सुरू झाला, वेर्ना एका घरात जागी झाली. पडद्यावर सूचना आली, कपाट उघडा आणि भाकर घ्या. शिकवायचा धडा होता तो, कोणतं बटण दाबल्यावर काय होतं एवढं कळावं म्हणून दिलेला. तू बटण दाबेनास.

"घर कोनाचं हाये हे?"

"कुनाचं का असेना. गेम सांगून राह्यला ना, घे म्हनून."

"घरात मानूस नाई अन् त्यायच्या कपाटात हात घालू? तुमच्या दुकानात कोनी तुमी नसताना डब्बा उचलला तर चालन काय तुमाले?"

मी डोक्याला हात लावला. असल्या गेममध्ये लोकांच्या घरात शिरून मडकी, कपाटं, पेट्या उघडायच्या असतात, सगळं जग तसंच खेळतं, हे मी तुला समजावलं. निखिलला फोन लावून त्याच्याकडूनही वदवून घेतलं. तू वेर्नाला त्या घराच्या ओट्यावर नेऊन उभं केलंस आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागलीस. वीज जाईल, गेम बंद पडेल, काहीतरी होईल, असं म्हणत मी चडफडत बसलो. आणि पडद्यावर संध्याकाळ झाली, घराची मालकीण लाकडाची मोळी घेऊन आली, वेर्नाला ओट्यावर पाहून थबकली आणि म्हणाली, उपाशी बसलीस होय, आत नाही का यायचं. तिनं स्वतःच्या हातानं भाकर दिली. मी ओरडून तुला बोलावलं. तू हात पुसत आलीस, पाहिलंस आणि म्हणालीस, "मंग? मानूस असंच करते." मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा गेम तुझ्यासाठीच कुणीतरी बनवलाय. पण मी कसला ऐकतोय.

माझा गेम वेगळा. त्याला आपण मोकळं रान म्हणायचो. त्यात माणूस आपणच घडवायचा. चेहरा, मिशा, उंची, ताकद, स्वभाव, सगळं आपल्या मर्जीचं. मी माझ्यापेक्षा रुंद छातीचा आणि भरघोस केसांचा गडी तयार केला, त्याला माझंच नाव दिलं आणि तू इतकी हसलीस की शेजारच्या शबानाभाभी काय झालं म्हणून बघायला आल्या. त्या गेममध्ये वाटेल तिकडे जाता येतं. डोंगर दिसला की चढायचा, राजा आवडला नाही तर त्याच्या शत्रूला मिळायचं. मी तुला म्हणायचो, याला म्हणतात गोष्ट. माझी गोष्ट मी ठरवतो. तुझा गेम म्हणजे डोंगरातलं एक खोरं, आणि त्या खोऱ्यात वेर्ना म्हणजे वेर्नाच, वय झालेली सुईण, तिचं गाव ठरलेलं, तिचा नवरा मेलेला, तिचं भांडण गढीतल्या सरदाराशी. लिहिणाऱ्यानं सगळं आधीच लिहून ठेवलेलं, तू आपली मागं मागं चाललीस.

त्यावर तुझं म्हणणं, "तुमचा गडी दिसते मस्त, पन तो कोनाचा हाये? त्याले माय नाई, बाप नाई, गाव नाई. एवढ्या मुलखात हिंडते, पन कोनी त्याले ओळखून हाक मारते काय?"

मारत नव्हते, हे खरं होतं. पण मी हरणारा नव्हतो. मी म्हणालो, हाक मारत नाहीत कारण तो अजून घडतोय. तू म्हणालीस, चाळिशीचा दिसते, कदी घडन?

तुझी गेम जोखायची रीत तुझी स्वतःची होती. निखिल चित्रं किती खरी दिसतात ते सांगायचा, मी नकाशा केवढा मोठा आहे ते सांगायचो. तू एवढंच पाहायचीस की गावात कुणी मेलं तर दुसऱ्या दिवशी लोक काय बोलतात. माझ्या रानात लुटारूंनी हल्ला केला, लोहाराचा सख्खा भाऊ त्याच्या भट्टीसमोर पडला. सकाळी मी तलवार घ्यायला गेलो तर लोहार म्हणतो, या या, नवा माल आलाय, धार बघा. तुझा चेहरा असा झाला की जणू मीच त्याला ते शिकवलं. "भाऊ मेला याचा काल, अन् हा धार दाखवून राह्यला?" तू म्हणालीस. मी म्हणालो, गेम आहे, एवढ्या हजार लोकांना कोण काय काय बोलायला लावणार. तू म्हणालीस, मंग हजार कायले ठेवले, धाच ठेवाचे होते.

तुझ्या खोऱ्यात गिरणीवाल्याची बायको वारली. दुसऱ्या दिवशी तू वेर्नाला तिकडे नेलंस तर गिरणी सुरू होती आणि जात्यात दाणे नव्हते. रिकामीच फिरत होती. गिरणीवाला काही बोलला नाही. तू त्याच्याजवळ वेर्नाला बसवलंस. बसायचं एक बटण होतं त्या गेममध्ये, ज्याचा लढाईत कवडीचा उपयोग नव्हता. तू रोज बसवायचीस. मी म्हणायचो, वेळ वाया घालवून राह्यली तू, कथा पुढं ने. तू म्हणायचीस, हेच तर पुढं हाये.

मधे निखिलनं आणखी एक गेम घालून दिला होता, चार मित्रांचा. चांगला म्हणून नावाजलेला. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे मोठं दुःख. एकाचं गाव जळालेलं, एकीचा बाप दगाबाज, एकाला काहीच आठवत नाही. आणि ते चौघंही भेटल्या भेटल्या आपलं सगळं दुःख सांगून मोकळे व्हायचे. मी वाचून वाचून घसा कोरडा पाडला. तू अर्ध्यातच म्हणालीस, "पयल्या भेटीत एवढं कोन सांगते बाप्पा? मी लग्नानंतर वर्सभर तुमाले माह्या भावाबद्दल नवतं सांगतलं." मी तो गेम बंद केला. त्या दुपारी तू मला तुझ्या लहानपणी गेलेल्या भावाबद्दल पुन्हा एकदा सांगितलंस, आणि त्यात एक गोष्ट अशी होती जी मी तीस वर्षांत ऐकली नव्हती. माणूस खोल असतो तो असा, थोडा थोडा उघडत, हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

पण सगळे वाद तूच जिंकलीस असं नाही हं. टिकली आठव. माझ्या रानात माझ्यासोबत फिरणारी ती धनुष्यवाली पोरगी, कपाळावर गोंदण होतं म्हणून आपण तिला टिकली म्हणायचो. तिला बोलायला फार दिलेलं नव्हतं. पाच-सहा वाक्यंच आलटून पालटून. मी जवळचा रस्ता म्हणून घळीतून गेलो आणि तिथं ती मेली. मला रस्ता निवडायची मोकळीक होती आणि मी तो निवडला होता, म्हणून ते मला लागलं. मी काही दिवस गेमला हात लावला नाही. तू चिडवलं नाहीस. चहा आणून दिलास आणि विचारलंस, "तिचं घर कुठी होतं? घरच्याइले सांगतलं काय तुमी?"

मी खरंच शोधायला गेलो. सगळी गावं पालथी घातली. त्या गेममध्ये तिचं घर नव्हतंच. कुणी बनवलंच नव्हतं. मी ते तुला सांगितलं, वर हेही सांगितलं की तुझ्या गिरणीवालीसाठी मी रडलो नाही आणि या घर नसलेल्या पोरीसाठी रडलो, कारण ती माझ्या चुकीनं मेली. आता बोल. तू म्हणालीस, "हो. ते बी खरं हाये." तुझ्याकडून मला मिळालेली एवढीच एक कबुली, शोभा. मी ती जपून ठेवली आहे.

राहिलेला वाद मोठा होता आणि तो गढीचा होता. मी तुला सुरुवातीपासून सांगत होतो, अशानं हा गेम संपायचा नाही. चिलखत लोकांच्या पेट्यांतून मिळतं, औषधं लोकांच्या फडताळांतून, चांगली तलवार तर थेट देवळातून उचलायची असते. तू काहीच घेतलं नाहीस. कुणी दिलं तर घेतलंस, आणि लोक देऊन देऊन काय देतात, कांदे, शाल, झाडपाला. शेवटी सरदाराशी लढायचंच आहे आणि काठीनं ते होणार नाही. तू म्हणायचीस, "होईन." मी विचारायचो, कसं होईल? तू म्हणायचीस, "मले नाई माईत. पन ज्यानं ती भाकरवाली बाई लिवली, त्यानं हे बी लिवलं असन." मी म्हणालो, त्यानं लिहिलं नसेल तर? तू म्हणालीस, मंग त्याच्या गेमात दम नाई, अन् मी हरले. एवढी मोठी पैज तू माझ्याशी आयुष्यात दुसरी कधी लावली नाहीस. आणि मग गिरणीखालच्या भुयारातून कथेनं वेर्नाला सरळ गढीच्या दरवाज्यात आणून सोडलं आणि तू थकलीस.

तू गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली. बहुतेकांचं एकच वाक्य होतं, जे झालं ते झालं, आता स्वतःले सांभाळा. एक जण उठायचा, दुसरा बसायचा, तेच म्हणायचा. मला तुझी फार आठवण आली, कारण तू असतीस तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली असतीस, याइले एकच वाक्य दिलेलं दिसते. मला हसू आलं. लोकांना वाटलं हुंदका आला. पण आसेगावच्या रस्त्यावरचा तो जीपवाला आला, भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "ताई जीपमदी चढल्या का पयले माह्या मायची खबर घ्याच्या. मंगच सीटवर बसाच्या. आता माह्या मायनं इचारलं, ताई दिसून नाई राह्यल्या, तर मी काय सांगू?" शिरपूरला आपण मंदिरात गेलो होतो तेव्हा याच सवयीपायी आपली बस चुकली होती. फुलवालीच्या सुनेचं बाळंतपण कुठवर आलं ते तू ऐकत उभी राहिलीस आणि मी बसच्या मागं पळालो. तेव्हा मी रस्ताभर तुला बोललो. त्या दिवशी जीपवाल्यासमोर मला त्या चुकलेल्या बसचा अभिमान वाटला.

निखिल तेरवीनंतर थांबला होता. माझं वेर्ना वेर्ना चाललेलं पाहून म्हणाला, "बाबा, मी एका दुपारीत संपवून देतो. खालच्या गावातली दोन-चार घरं लुटली की चिलखत मिळतं."

मी म्हणालो, "हात लावू नको त्या रिमोटले."

माझा आवाज चढला होता. पोरगं दचकलं. पण शोभा, तुझी पैज होती ती. लुटून जिंकलो असतो तर जिंकलो असतो मी, आणि तू कायमची हरली असतीस, आणि आता तुझ्याकडून बोलायलाही कुणी नव्हतं. आयुष्यभर तुझ्याविरुद्ध वाद घातला, आता तुझ्या बाजूनं उभं राहायची पाळी माझ्यावर आली. संपवीन तर तुझ्या रीतीनं संपवीन, नाही संपला तर वेर्ना तिथंच राहील, असं मी ठरवलं.

पहिले प्रयत्न म्हणजे फजितीच. काठी उचलली की शिपायानं भाला घातलाच. वेर्ना पडायची, पुन्हा दरवाज्यात उभी राहायची. निखिल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. शबानाभाभी आपल्याकडे डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबून पाहत होत्या. त्यांनी तुझं खोरं माझ्याइतकंच पाहिलं होतं, बांगड्यांच्या दुकानातून उठून उठून यायच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, दीदी ऐसे नई जाती थी. कहीं बी जाना रह्या तो पहले सबको बोल के जाती थी."

मला तुझा निघायचा दिवस आठवला. वाशीमला दवाखान्यात जायची गाडी दारात उभी होती आणि तू गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगत होतीस, जाऊन येते बरं. धड उभं राहवत नव्हतं तुला. मी गाडीतून हाका मारत होतो, पुरे आता, बस. तू शेवटच्या घरापर्यंत गेलीस. तुझ्याकडे बाहेरगावी निघायचं म्हणजे असंच निघायचं असतं. आणि वेर्ना मात्र भुयारातून आली होती, कुणालाही न सांगता.

मी वेर्नाला गढीकडे पाठ करून उभं केलं आणि डोंगर उतरायला लागलो. निखिल म्हणाला, बाबा, मागं काहीच नाही, कथा पुढं आहे. मी म्हणालो, माहीत आहे, मीही असंच म्हणायचो.

पहिलं घर भाकरवालीचं. मी बटण दाबलं. इतके दिवस तिचं तेच ठरलेलं बोलणं ऐकलं होतं. आता ती म्हणाली, गढीवर निघालीस आणि सांगायला आलीस? मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग नावाडी, मग मेंढ्या हाकणाऱ्या दोघी बहिणी, मग गिरणीवाला, प्रत्येकाकडे नवं वाक्य. झऱ्याजवळचा तो शेळ्यावाला म्हातारा आठवतो ना, जो कधीच बोलत नव्हता, ज्याला मी पुतळा म्हणायचो आणि तू तरी दर वेळी त्याच्यापाशी थांबायचीस? तो जागेवर नव्हता. मी घाबरलो, वाटलं मेला की काय. पुढं वळणावर पाहतो तर तो काठी टेकत वर चढत होता, गढीच्या वाटेनं, सगळ्यांच्या आधी निघालेला. निखिल मोबाइलवर शोधत होता. म्हणाला, "बाबा, हे मले कुठीच सापडून नाई राह्यलं. लोक पयल्याच घरात भाकर उचलतात ना." पुण्याला गेल्यापासून आमच्याशी पुस्तकासारखं बोलणारं पोरगं, त्या दुपारी आपल्या बोलीवर आलं.

दरवाज्यात पोचलो तेव्हा माझ्यामागे खोरं होतं. अख्खं खोरं, शोभा. हजार नव्हते, तुझ्या हिशेबानं होते तेवढेच, ज्यांच्या घरातल्या मडक्याला तू हात लावला नव्हतास तेवढे. सरदार बुरुजावर आला. त्यानं विचारलं, या म्हातारीनं असं काय दिलं तुम्हाला की तुम्ही इथवर आलात? एकेक जण बोलायला लागला. भाकरवाली म्हणाली, ही माझ्या ओट्यावर उपाशी बसली, पण आत शिरली नाही. गिरणीवाला पुढं आला. त्याचं वाक्य पडद्यावर आलं आणि माझ्यानं वाचवेना. निखिलनं वाचलं. माझी बायको गेली तेव्हा ही रोज येऊन बसायची, बोलायची काही नाही, पण बसायची. शबानाभाभींनी डबा खाली ठेवला आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मग शिपायांमधल्या एकानं भाला खाली टेकवला. गेमनं नाव सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं. वेर्नानंच बाळंतपण केलेलं पोर ते. त्याच्यामागे दुसऱ्यानं टेकवला, मग सगळ्यांनी. ज्या लढाईसाठी मी तुला इतके महिने चिलखत घे, चिलखत घे म्हणून छळलं, ती लढाई झालीच नाही. सरदार खाली आला, एकटा, आणि त्यानं वेर्नाच्या हातात दरवाज्याची किल्ली दिली. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. निखिलनं शिटी मारली. तेरवी होऊन चारच दिवस झालेलं घर, आणि बाहेरचे लोक थांबून बघायला लागले.

तर तू जिंकलीस. पूर्ण जिंकलीस, साध्या तलवारीशिवाय. त्या लिहिणाऱ्यात दम होता आणि तुझा त्याच्यावरचा भरवसा बरोबर होता. मात्र वाद मिटला असं समजू नको. त्यानं लिहिलं होतं हे खरं, पण तू तशी खेळली नसतीस तर ते लिहिलेलं कुणाला दिसलं असतं? निवड तुझीच होती ना? म्हणजे माझंही थोडं बरोबर आहे. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला ऐकायचं आहे आणि ते ऐकायला मिळणार नाही, याचं दुःख मला रोज होतं, दुपारी जास्त होतं. पण गेल्या पंधरा-वीस दिवसांत त्या एका दुपारी मी दुःखात नव्हतो. मी विजयात होतो. आपल्या माणसाचा विजय झाला की छाती कशी होते, ते मला कळलं.

मी चपला घातल्या आणि चौकातल्या हॉटेलात गेलो. कढईतून काढलेली गरम जिलबी घेतली, मोठा पुडा बांधून. यंदा आपल्या घरी गोडधोड नाही, सण नाही, हे साऱ्या बाजाराला माहीत. आणि मी दुकानादुकानात जिलबी वाटत निघालो. कापडवाल्यानं जिलबी हातात घेतली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. रसवाल्यानं हळूच निखिलला विचारलं, भाऊची तब्येत बरी हाये ना? जीपवाले रांगेत उभे होते, त्यांनाही दिली.

"कायची हाये हे?" ज्यानं त्यानं विचारलं.

"शोभा जिंकली," मी म्हणालो.

सायकलच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोणत्या इलेक्शनमदी? एकानं विचारलं, लॉटरी लागली काय? मी बस स्टँडपर्यंत गेलो, पुडा संपला, पुन्हा बांधून घेतला आणि हायवेच्या पलीकडच्या टपऱ्यांवरही वाटून आलो. लोकांनी कशात जिंकली ते विचारलं, कधी जिंकली ते विचारलं. कोण शोभा, असं एकानंही विचारलं नाही.